अकॉर्डियनवाला

"या फोटोच्या दोनच प्रती होत्या," विक म्हणाला. "माझी मी तुझ्यासमोर फाडली. उरली कुणाची?"

लुईनं ‘थुंकी’चा चौथा अंक हातात घेतला. कोण काढतं कुणालाच ठाऊक नसलेलं आठ पानांचं चोपडं, वर्तमानपत्रातली अक्षरं कापून चिकटवलेली. तिसऱ्या पानावर झालरीचे शर्ट घातलेली दोन पोरं दात काढत उभी होती. एकाच्या हातात ड्रमच्या काड्या, दुसऱ्याच्या गळ्यात अकॉर्डियन. दोघांच्या मधून वरपासून खालपर्यंत एक वाकडीतिकडी पांढरी रेघ.

खाली मजकूर होता: ‘विक व्हायरस सांगतो, चौऱ्याहत्तर साली मी न्यूयॉर्कला होतो, पंक संगीत माझ्या डोळ्यांदेखत जन्मलं. चौऱ्याहत्तर साली हा पठ्ठ्या इथेच, क्लीव्हलंडमध्ये, लोकांच्या लग्नांत पोल्का नाचाची गाणी वाजवत होता. केकही वाढत होता.’

"ही रेघ कसली?" लुईनं विचारलं.

"मला विचारतोस? छापखान्यात तू कामाला आहेस. तुझीच स्टाइल असेल."

"माझी प्रत आजीच्या खोलीत आहे. फ्रेम करून लावलीय म्हातारीनं. चल, आत्ता दाखवतो."

"काम झाल्यावर परत लावली असशील."

सकाळी न्यूयॉर्कहून लेनीचा फोन आला होता. त्याच्या क्लबात सप्टेंबरमध्ये विक-लुईच्या बँडचा, ‘डेड फर्नेस’चा, शो ठरला होता. विक पंकमधला पहिल्या दिवसापासूनचा माणूस आहे, असं ऐकूनच त्यानं तारीख दिली होती. कुणीतरी पाठवलेला हा अंक काल त्याला पोस्टानं मिळाला. लेनी फोनवर पोट धरून हसला, मग म्हणाला, तारीख दुसऱ्यांना दिली. अकॉर्डियन घेऊन येणार असशील तर बघू.

"लेनीचा पत्ता कुणाला माहीत होता?" विकनं विचारलं.

"तीन महिने फ्रिजवर लावलायस! तुझ्या आईच्या हातचं सूप प्यायला येणाऱ्या प्रत्येक बँडला पाठ झालाय तो."

"पण पोल्काचं कुणाला माहीत होतं?"

 लुईला राहवलं नाही.

"खोटं काय लिहिलंय रे त्यात? तू न्यूयॉर्क बघितलंस ते शाळेच्या सहलीत. पोहोचेपर्यंत बसमध्ये ओकत होतास. पिशवी मी धरली होती."

विकचे कान लाल झाले. वर्षभर दर पंधरवड्याला तो लायब्ररीत जाऊन न्यूयॉर्कची वर्तमानपत्रं वाचत होता. कुठल्या रस्त्यावर कुठला क्लब, कुठल्या दाराला कुठला रंग, सगळं त्यानं घोकून ठेवलं होतं. सप्टेंबरमध्ये एकदा तिथे उभं राहिलं की ते खरंच होणार होतं. मग परत यायचं नव्हतं.

"तुझे ड्रम उचल," तो म्हणाला. "आणि पुन्हा या तळघरात पाय ठेवू नकोस."

"विक, पहिलीपासून एका बाकावर बसलोय आपण."

"म्हणूनच तर. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी हसलो असतो."

लुईला चार खेपा लागल्या. तळघरातून वर जायची वाट स्वयंपाकघरातून होती. तिथे विकची आई टेबलाशी बसून कात्रीनं वर्तमानपत्र कापत होती. शेवटच्या खेपेला लुई तिच्यापुढे थांबला.

"मावशी, तुम्ही तरी सांगा त्याला. मी असं करीन का?"

तिनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मी काय सांगू बाळा? मला कुठे कळतं तुमच्या गाण्यातलं? नुसता धडधडाट असतो." तिनं उठून एका पिशवीत सहा डोनट भरले आणि पिशवी त्याच्या हातात कोंबली. "आजीला दे. माझा नमस्कार सांग."

लुई डोळे पुसत गेला.

बऱ्याच वेळानं विक वर आला आणि समोर बसला. हाताला काहीतरी हवं म्हणून त्यानं वर्तमानपत्र ओढलं. खेळाच्या पानाला मधोमध चौकोनी भोक होतं.

"मा, कालच्या मॅचचं काय झालं ते कापून टाकलंस तू."

"साबणाचं कूपन होतं रे मागच्या बाजूला. तुझ्या त्या टी-शर्टांना किती साबण लागतो माहितेय?"

तो हसला नाही. फ्रिजवर लेनीच्या पत्त्याशेजारी त्याच्या मोठ्या भावाचं कार्ड लावलेलं होतं. फ्रँक कॅलिफोर्नियाला गेला त्याला सहा वर्षं झाली होती. नाताळला एक कार्ड यायचं. गेल्या नाताळच्यावर नुसती सही होती.

विकनं लेनीचा पत्ता काढला, चुरगाळला आणि टोपलीत टाकला.

"लुई, मा," तो म्हणाला. "बाकी कुणीही चाललं असतं मला."

"काही माणसं अशी निघतात, विक्टर." तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. रंगानं ते झाडूसारखे कडक झाले होते. "आता काय करणार तू?"

"काय करणार? मामा म्हणत होता, त्याच्या कारखान्यात जागा आहे. सोमवारी जातो."

"इथूनच जाशील ना कामाला?"

"मग कुठून जाणार?"

"मग रविवारी अक्रोडाचा रोल करते," ती म्हणाली. तिनं कोट चढवला, कात्री पर्समध्ये टाकली. "चर्चच्या ऑफिसात जाऊन येते. रविवारच्या पत्रकाच्या प्रती काढायच्यात. तू जरा झोप."

चर्चचं ऑफिस रिकामं होतं. तिनं झेरॉक्सचं मशीन सुरू केलं, ते तापेपर्यंत खुर्ची ओढून बसली आणि पर्समधून प्रार्थनेचं पुस्तक काढलं. आत एक फोटो होता, झालरीच्या शर्टातल्या दोन पोरांचा, मधोमध फाटलेला आणि मागून चिकटपट्टी लावून जोडलेला.