लाल झेंड्याचा दिवस

तोफेचा आवाज झाला तेव्हा फळीवरचे स्टीलचे डबे नेहमीसारखे थरथरले, आणि फोनमध्ये तीन-चार मुली एकदम किंचाळल्या.

"आई, कुठला आवाज तो? इकडचा की तिकडचा?" साक्षीने विचारलं.

"आपला गं, आपला," लताबाई घाईने म्हणाल्या. "टेकडीवर लाल झेंडा लागलाय आज. मिलिटरीच्या रेंजवर फायरिंग हाय."

युक्रेनमधल्या एका हॉस्टेलच्या तळघरात साक्षीने ते मैत्रिणींना समजावून सांगितलं. सराव असतो, कुणाला लागत नाही. "तुम्हारे गाँव में ये रोज होता है?" कुणीतरी विचारलं. "रोज नहीं," साक्षी म्हणाली, "झंडा लगा हो तभी."

घरातला टीव्ही आवाज बंद करून चालूच ठेवला होता. आठवडा झाला, तो बंद झाला नव्हता. पडद्यावर दोन्ही देशांची माणसं लांब टेबलाशी समोरासमोर बसली होती, मध्ये पाण्याच्या बाटल्या आणि छोटे झेंडे. खाली पट्टी सरकत होती: कुणी किती सैन्य सीमेकडे हलवलं, कुणी विमानं देऊ केली, कुणी निषेध नोंदवला. लताबाईंना त्यातली एकच ओळ हवी होती आणि ती आज सकाळी आली होती. सहा तास गोळीबार थांबवायचा असं टेबलावर ठरलं होतं. तेवढ्या वेळात मुलांनी शहराबाहेर अकरा किलोमीटर चालत जायचं. तिथे बसेस उभ्या राहणार होत्या.

"मग निघ ना," नवनाथ बायकोच्या खांद्यावरून फोनकडे वाकून म्हणाले. "सहातला अर्धा तास तर गेला. अकरा किलोमीटर म्हंजे किती? आपल्या दारापासून देवळाली कॅम्प. दहावीला रोज सायकलवर जायचीस."

"तेव्हा दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा होत्या पप्पा. रणगाडे नव्हते."

"बाकीच्या पोरी?"

"बॅगा घेऊन जिन्यापाशी उभ्या आहेत. माझ्यासाठी थांबल्यात." मग म्हणाली, "माझे पायच वर चढत नाहीयेत."

साक्षीच पुढे म्हणाली, "तुम्हाला एक सांगितलं नाही. पहिल्या दिवशी पहाटे आवाज आले ना, मी उठलेच नाही. कूस बदलून झोपले. म्हटलं, झेंडा लागलाय, आता आई डबे धरायला उठेल. रूममेटने हात धरून ओढलं, तरी मी तिला सांगत होते, झोपू दे गं, आमच्या रेंजचा आवाज आहे."

लताबाईंनी फळीकडे बघितलं. एक डबा सरकून अगदी कडेला आला होता. त्यांनी तो तसाच राहू दिला.

"बॅटरी किती राहिली?" नवनाथनी विचारलं.

"सात टक्के."

"मग ठेव आता. वाटेत लागंल."

"ठेवते. फक्त एकदा मोजू या. आई, फोन घेऊन बाहेर ओट्यावर जा ना. एक आवाज मोजला की निघते. शप्पथ."

साक्षी सातवीत असताना हे शाळेतून शिकून आली होती. डोंगरावर धूर दिसला की मोजायला लागायचं, आवाज आला की थांबायचं. उजेड लगेच पोचतो, आवाजाला एका किलोमीटरला तीन सेकंद लागतात. आलेल्या आकड्याला तीनने भागायचं. त्यांच्या ओट्यावरून मोजलेला आकडा नेहमी नऊ यायचा, म्हणजे तीन किलोमीटर.

"फोनवर बरोबर नाय यायचं ते," नवनाथ म्हणाले. "आवाज उशिरा पोचतो तिकडं."

"येतं पप्पा. आई 'झाला' म्हणेल ते पण उशिरा पोचेल आणि धमाका पण तेवढाच उशिरा. फरक तोच राहतो."

"अशा टायमाला पण शिकवतीय बघ," नवनाथ म्हणाले.

लताबाई ओट्यावर आल्या. त्यांनी फोन डोंगराकडे धरला. आणि रेंज गप्प झाली. लाल झेंडा तेवढा हलत होता. डोंगर कोरडा, पिवळा, नुसता उभा.

"सहा टक्के," फोनमधून आवाज आला.

भिंतीला तडे जातात, तोफा लांब न्या, असे चार अर्ज नवनाथनी आजवर ग्रामपंचायतीत दिले होते. आता ते ओट्याच्या कडेला येऊन उभे राहिले. "हाणा ना रे बाबांनो," ते पुटपुटले. "एक तरी हाणा."

"गप बसा तुम्ही."

"पाच," साक्षी म्हणाली. मागून कुणीतरी तिला हाक मारली. "आले, आले."

डोंगराच्या कुशीत पांढऱ्या धुराचा गोळा उठला.

"झाला!" लताबाई ओरडल्या.

"एक," साक्षीने सुरुवात केली. "दोन. तीन." सातवीत मोजायची तशीच, न घाई करता. लताबाईंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. नवनाथनी डोळे मिटले होते.

धमाका आला. घरात डबे वाजले. कडेचा डबा खाली पडला.

"नऊ," साक्षी म्हणाली. "तीन किलोमीटर. घर जागेवर आहे."

"हाय गं बाळा, जागेवरच हाय."

"निघते."

फोन बंद झाला. लताबाईंनी तो खाली घेतला नाही, डोंगराकडे तसाच धरून ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा धूर उठला आणि त्या मोजू लागल्या. नवाला आवाज आला.

"दहा," त्या म्हणाल्या. "अकरा. बारा."

"अगं, झालं की," नवनाथ म्हणाले.

लताबाईंनी हाताने त्यांना थांबवलं. "पोरीचे अकरा किलोमीटर हायेत," त्या म्हणाल्या, आणि मोजत राहिल्या.