एकाच थापेची मुभा

“थांब, थांब. अवकाशात स्फोटाचा आवाज कसा ऐकू येईल? तिथं हवा कुठाय?” जयसिंगरावांनी फोनवरच लेकीला अडवलं.

“आवाज म्हटलंच नाही मी, अप्पा. हादरा म्हटलं. यानाच्या पत्र्यातून येतो तो.”

“सरी, ठीक आहे,” ते नाइलाजानं म्हणाले.

सौम्या दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा लिहायची. अप्पांची हयात विमानांच्या कारखान्यात गेलेली, म्हणून कथा झाली की आधी त्यांना फोनवर वाचून दाखवायची. छापण्याआधी चुका निघाव्यात, एवढाच तिचा हेतू. अप्पांचा हेतू निराळा होता. बायको सगुणाबाई गेल्यापासून येलहंक्याच्या त्या घरात बोलायला कुणी नव्हतं. लेक सर्जापूर रोडला राहायची. गाव एकच, पण आईच्या वर्षश्राद्धानंतर ती इकडे फिरकली नव्हती. कधी ट्रॅफिक, कधी ऑफिस, कधी मुलांच्या परीक्षा.

चूक सापडली की फोन लांबायचा. म्हणून जयसिंगराव कानांत प्राण आणून ऐकायचे आणि राईचा पर्वत करायचे. एकदा त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा एवढा कीस पाडला, की गॅसवरचा भात करपला. तो करपलेला भात त्यांनी आनंदानं खाल्ला.

त्यांचा एक नियम मात्र पक्का होता. “विज्ञानकथेत एकच थाप मारायची मुभा. वाचक तेवढी गिळतो. दुसरी मारलीस की अंक मिटून ठेवतो.”

आज लेक बापाच्या वरताण निघाली. यानाचा वेग बेताचा, इंधन हिशेबात, परग्रहावरचं पाणीसुद्धा गोठलेलं. म्हातारा अंतराळवीर पृथ्वीवर परतला तो हाडं ठिसूळ होऊन, दोघांच्या आधारानं. बोट ठेवायला कुठं जागाच नव्हती. कथा संपत आली होती, म्हणजे फोनही.

“यात थाप कुठाय गं?” जयसिंगराव हिरमुसून म्हणाले. “मग विज्ञानकथा कसली ही?”

“शेवट राहिलाय, अप्पा. स्वल्प ऐका की.” ती वाचू लागली. “म्हातारा आता येलहंक्याच्या घरी एकटा असतो. त्याची लेक सर्जापूर रोडला राहते. दर रविवारी ती त्याच्याकडे येते. दोघं मिळून जेवतात. समाप्त.”

जयसिंगराव खुर्चीत ताठ बसले. यान, इंधन सगळं विसरले. रविवारी भरली वांगी करावीत, तिला आवडतात, असंही मनात येऊन गेलं.

“दर रविवारी येते?” त्यांनी विचारलं. “खरंच?”

सौम्या हळूच म्हणाली,

“एक थाप चालते म्हणता ना, अप्पा.”