कडक पाटे

डॉक्टर तळपद्यांची जुनी, दोनच सीटची स्पोर्ट्स गाडी अच्युतच्या गिरगावातल्या गॅरेजात मागचे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बदलायला आली, तेव्हा डॉक्टर नरम पाट्यांवर अडून बसले होते.

"नरम पाट्यांवर गाडी वळणाला होडीसारखी कलते, डॉक्टर. कडकच घालू. दणके बसतील जरा, पण तुम्ही बिनलग्नाचे. तुम्हाला कुठे बायकामाणसं फिरवायचीत?"

शेवटी कडकच पाटे बसले.

पुढे संयुक्त महाराष्ट्राचा बंद पेटला. रस्ताभर दगडांचा खच, ना बस ना व्हिक्टोरिया, आणि नेमक्या त्याच दुपारी अच्युतच्या बायकोला, नलूला कळा सुरू झाल्या. कर्फ्यूचा पास असलेली एकच गाडी वाडीत येऊ शकली. डॉक्टरांची.

नलू डॉक्टरांशेजारी बसली. अच्युत सीटमागच्या सामानाच्या फटीत, गुडघे हनुवटीला लावून कोंबला गेला. परळचं प्रसूतिगृह काही केल्या येईना. दगडागणिक गाडी उडायची आणि नलू किंचाळायची, "कुठल्या मेल्यानं बनवलीय ही गाडी! हात झडोत त्याचे!"

अच्युतला हलायला जागा नव्हती, उतरायची सोय नव्हती.

लालबागला रस्त्यात आडवी पडलेली हातगाडी चुकवत डॉक्टरांनी भरधाव वळण घेतलं आणि ते न राहवून ओरडले, "वा रे अच्युत, काय पाटे निवडलेस! तसूभर कलली नाही!"



नलूची कळसुद्धा क्षणभर थांबली. तिनं सावकाश मान मागे वळवली.

"अहो... म्हणजे तुम्ही?"