बेलचं बटण

रुक्मिणीने बेलचं बटण काउंटरवर ठेवलं आणि पदराने घाम पुसला.

"भाऊ, हाई वाजत नही. काल त्या खाटवरथून पडनात, तासभर तसाच पडेल व्हतात. माले सयपाकघरमा काय मालूम?"

सुपडूला फार वाईट वाटलं. लकव्याने तिच्या नवऱ्याची, आनंदाची, वाचाच गेली होती. बायकोला बोलवायचं तर हे बटण, एवढंच. सचिन गावच्या कापड कारखान्यात आनंदा आणि सुपडूने सव्वीस वर्षं शेजारी-शेजारी माग चालवले होते. त्या खडखडाटात एकमेकांचं बोलणं ओठांवरूनच कळायचं. तिथून सुटल्यावर सुपडूने डिंडोलीत हे रिपेअरिंगचं दुकान टाकलं, आणि आपल्या कामाचा त्याला भारी अभिमान होता.

त्याने बटण खोललं. आत वायर निसटली होती. ती स्क्रूखाली आवळून त्याने मीटरची दोन टोकं लावली. मीटरचे आकडे केव्हाच गेले होते, पण त्यावाचून त्याचं काही अडत नव्हतं. असलं बटण दाबावं तेवढ्यापुरतंच जोडलं जातं. चांगलं असलं, तर दाबल्यावर मीटर 'पीं' करतं आणि सोडल्यावर थांबतं.

दाबलं. काही नाही.

"गेलंय हे, वहिनी. नवंच देतो."

पेटीतलं नवं काढलं. दाबलं. काही नाही. दुसरं, तिसरं, चौथं, सगळ्यांची तीच गत. सुपडूचं डोकं तापलं. आनंदाच्या उशाशी असला माल लावायचा? उद्या त्याचा जीव जायचा!

तेवढ्यात होलसेलवाला भूपेंद्र स्कूटरवरून उतरला.

"बघ तुझा माल! मागच्या महिन्यात अर्धी पेटी परत केली, तरी तेच."

"ती तर बधी बराबर चालली ने, सुपडूभाई. दुसऱ्या दुकानात विकली पण."

"म्हणजे माझं मीटर खोटं बोलतं? थांब, तुझ्यासमोरच दाबतो."

पाचव्या बटणाला टोकं लावून सुपडूने अंगठा गच्च दाबून धरला.

"आता बोल."

भूपेंद्रने आधी मीटरकडे पाहिलं, मग सुपडूकडे. सुपडूने रुक्मिणीकडे पाहिलं. तिने कानांवर हात ठेवले होते आणि ती हळूच काही म्हणत होती. जुन्या सवयीने त्याने ते तिच्या ओठांवरून वाचलं.

"भाऊ, सोडा ना ते बटन. कव्हयनं वाजी ऱ्हायनं."