निळा वॉशर

पार्सल वडिलांनीच उघडलं. कात्री, टॉर्च, जवळचा चष्मा, अशी सगळी तयारी करून. जणू आत कुणाचं मूत्रपिंड आहे.

"बाबा, हळू," मुलगी म्हणाली. "कुठे टोचू नका."

जमिनीवर पसरलेल्या चादरीवर तिचं गेमिंग मशीन अर्धवट उभं होतं. प्रोसेसर एका बंद पडलेल्या ऑफिसातला. रॅम मैत्रिणीच्या भावाची. कॅबिनेट मामाचं, त्याला एका बाजूचं दार नव्हतं आणि त्यामुळे हवा खेळती राहते, असं मामाचं म्हणणं होतं. राहिलं होतं ते ग्राफिक्स कार्ड. ते तिने मुद्दाम दादाच्या शहरातल्या जुन्या मालाच्या दुकानातून मागवलं होतं. फसवणूक झालीच तर भांडायला आपला माणूस जागेवर हवा. दादा तिकडे अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. मशीन सुरू झालं की त्याला ऑनलाइन गाठायचं आणि धूळ चारायची, असा बेत होता.

"दादाकडे आहे तेच मॉडेल आहे," तिने आईला सांगितलं.

"मग त्याचंच वापरायचं, तो सुट्टीत आला की," आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली.

"आई, कार्ड म्हणजे स्वेटर नाही. थोरल्याचं धाकटीला व्हायला."

वडिलांनी कार्ड उजेडात धरलं. त्यावरच्या छोट्या पंख्यावर टॉर्च मारला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! हे बघ. पंख्याखाली रबराचा वॉशर घातलाय कुणीतरी, खडखड होऊ नये म्हणून. कंपनीचा नाही हा, हाताने कापलाय. आणि काय सुबक कापलाय! डोकं आहे माणसाला."

वडील विमा कचेरीत होते, पण त्यांचा जीव घरातल्या दुरुस्त्यांमध्ये. आणि त्यांचं सगळं दुरुस्तीशास्त्र जुन्या रबरी स्लिपरांवर उभं होतं. डुगडुगणारं टेबल, आपटणारं दार, खडखडणारी खिडकी, सगळीकडे त्यांनी कापलेला एकेक निळा तुकडा मुकाट्याने काम करत होता.

मुलीने कार्ड त्यांच्या हातातून घेतलं. बराच वेळ बघितलं.

"बाबा, ही स्लिपर तुमची आहे."

"अगं, असल्या स्लिपरा काय मी एकटाच..." वडील थांबले. वॉशरवर नक्षीतलं अर्धं फूल होतं. उरलेलं अर्धं टेबलाच्या पायाखाली होतं. दादाचं नवं मशीन इथून निघालं, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी दोन्ही तुकडे एका बैठकीत कापले होते.

तिघांनीही टेबलाच्या पायाकडे पाहिलं. मग कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

"चोरीला गेलं असेल," आई म्हणाली. आवाजात आशा होती. "लाव त्याला फोन."

वडिलांनी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काय रे, काय चाललंय?"

"काही नाही बाबा, प्रोजेक्ट. रेंडरला लावलंय. मशीन नुसतं तापलंय."

कार्ड चादरीवर पडलं होतं. मुलीने उगाचच त्याला हात लावून पाहिला. गार होतं.

"पंखा वाजत नाही ना?" वडिलांनी विचारलं.

"छे! तुम्ही बसवलाय ना वॉशर. वाजायची काय टाप आहे त्याची!"

वडिलांनी तोंड उघडलं. आईने मानेनेच 'नको' म्हटलं. या घरात फोनवर सगळं नेहमी छानच असायचं. वडिलांचं ऑपरेशनसुद्धा दादाला टाके निघाल्यावर कळवलं होतं, आणि तेही 'बाकी मजेत'च्या नंतर.

"जेवलास?" आईने विचारलं.

"हो."

"बरं. मग ठेवतो," वडील म्हणाले आणि फोन चालूच ठेवून बसले. तो दादानेच बंद केला.

आता मुलीने दुकानदाराला लावला. तोही स्पीकरवर.

"बोला ताई! पोचलं ना? चालतंय?"

"अजून लावलं नाही. तुमच्याकडे हे कुणी आणून दिलं होतं?"

"कॉलेजचा मुलगा होता. ताई, माल एकदम क्लीन आहे, अगदी जपून वापरलेला. मधे एक रबर आहे, ते काढू नका, मस्त बसवलंय कुणीतरी." दुकानदार रंगात आला. "आणि ऐका, त्याचं बाकीचंही सगळं आलंय माझ्याकडे. बोर्ड, मॉनिटर, चित्रं काढायची ती पाटी, कीबोर्डसुद्धा. अख्खा सेट घ्या. मोडायचं जिवावर येतं हो."

आईने फोन तिच्या हातातून घेतला आणि स्पीकर चालू असूनही कानाला लावला.

"भाऊ, तो मुलगा कसा होता?"

"कसा म्हणजे?"

"म्हणजे, तब्येतीने वगैरे."

"मावशी, आपण पार्ट बघतो," दुकानदार हसला. इकडे कोणीच हसलं नाही म्हणून मग तोही थांबला. "बरा होता की. बोलायला गोड. फक्त जायची घाई नव्हती त्याला. सगळं देऊन झालं तरी उभाच. मग म्हणाला, काका, खुर्ची घेता का? खोलीतली खुर्ची बरोबर घेऊनच आला होता हो! मी म्हटलं, अरे बाबा, खुर्च्या नाही घेत आपण."

"मग?"

"मग काय, डोक्यावर उलटी घेतली आणि निघाला. गर्दीत तो लगेच दिसेनासा झाला. पाय तेवढे दिसत होते वळणापर्यंत, खुर्चीचे."