गाडीतली खोट

चाक सरकलं आणि जुन्या ट्रकच्या बोल्टांवर अलगद जाऊन बसलं. मधुकरच्या तोंडून शीळ निघाली. एका गाडीचं चाक दुसरीला असं सहजासहजी बसत नाही. कुठे भोकं चुकतात, कुठे मधलं मोठं छिद्र लहान पडतं. इथे सगळं जुळलं होतं. त्याला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली, कारण चाक थोरल्या भावाच्या गाडीचं होतं आणि भावाला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

उज्जैनच्या देवास गेटमागच्या मोकळ्या जागेत दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. जुना ट्रक वडिलांनी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेला. त्याच्या चाकांच्या रिमा फुटल्या तसा तो विटांवर चढला, तो उतरलाच नाही. दुसरी गाडी थोरल्या प्रभाकरची, त्याच कंपनीची पण नवी. मध्यभारत मोडून भोपाळला राजधानी गेली, तेव्हा कचेऱ्यांची कपाटं तिकडे पोचवायचं काम त्याला मिळालं होतं. वाटेत आष्टा सोडल्यावर पुढचं चाक निखळलं आणि गाडी नाल्यात गेली. कपाटं तेवढी वाचली.

उज्जैनीत माणूस गेला की लोक आधी कारण ठरवतात, मग चक्रतीर्थाच्या स्मशानात जातात. “भांग छान के बैठा था,” भांग पिऊन गाडीवर बसला होता, असं कोणीतरी म्हणालं आणि तेच कायम झालं. प्रभाकरनं जन्मात भांगेला बोट लावलं नव्हतं. पण ते ऐकून ऐकून त्याची बायको नंदा धारला माहेरी गेली, ती आलीच नाही. दोघांची आई, अक्का, मात्र भांडत राहिली. घाटावर, देवळात, अगदी भाजीवालीशीसुद्धा. “गाडी में खोट थी, बाई. मेरा लडका नहीं पीता था.” लोक मान डोलवायचे आणि तिची पाठ वळली की हसायचे.

म्हणून चाकं काढायला तिनं परवानगी दिली ती एका अटीवर. “जुन्याला बसतात का बघ. पण बघता बघता त्या गाडीची खोटही शोध. सापडली ना, की गोपाल मंदिरासमोर उभी राहून सांगते एकेकाला.” आणि आता ती एका उलट्या डब्यावर बसून सकाळपासून मधुकरच्या हातांकडे बघत होती.

मधुकरनं जुन्या ट्रकचे नट लावून आवळले. पाना फिरेना, इतके घट्ट. तरी सवयीनं त्यानं चाकाला एक लाथ घातली, आणि चाक किंचित हललं. त्यानं एक नट काढून पाहिला. नटाचं टेकणारं तोंड घुमटासारखं गोल होतं, चाकाच्या भोकाला मात्र सरळ उतार होता. नट नुसता कडेला टेकत होता. हाताला घट्ट लागला तरी गाडी धावू लागली की तो सैल होणारच. चाक दादाचं, तर नटही दादाचेच हवेत, असं म्हणत तो मोडक्या गाडीकडे गेला आणि तिच्या राहिलेल्या पुढच्या चाकाचे नट काढू लागला.

पहिला निमुळता निघाला, उतारात बरोबर बसणारा. दुसरा गोल, जुन्या ट्रकच्या नटासारखा. तिसराही गोल.

त्याला वाटलं आपलंच चुकतंय. त्यानं गोल नट उजेडात धरला. आट्यांत काहीतरी लाल अडकलं होतं. नखानं खरवडलं, तर कुंकू.

त्यांच्या घरात पूर्वी खंडेनवमीला पणजोबांची दरबारातली तलवार पुजायचे. तलवार गेली, गाड्या आल्या. मग वडिलांनी पुढच्या चाकांचे नट काढून, रॉकेलनं धुऊन देवापुढे मांडायची चाल पाडली. दोन गाड्यांचे नट दोन डब्यांत असायचे. गेल्या वर्षी भावाभावांत वेगळं निघायची बोलणी चालली होती. अक्कानं दोन्ही डबे एकाच ताम्हनात ओतले. “देवापुढे तरी एकत्र राहा मेल्यांनो,” म्हणाली, हळदकुंकू वाहिलं, आणि दसऱ्याला स्वतःच्या हातानं दोघांना निम्मे निम्मे वाटून दिले. प्रभाकरनं ते डोळ्यांना लावले आणि न बघता आवळले. आटे सारखेच होते, त्यामुळे कुठलाही नट कुठेही चढत होता. जुना ट्रक उभाच असल्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही.

इतके महिने मधुकरनं ही खोट सापडावी म्हणून देवापुढे हात जोडले होते. ती सापडली होती. दादाच्या नावावरचा डाग पुसला जाणार होता, वहिनी मान वर करून परत येऊ शकत होती. फक्त आईला सांगायचं होतं की तुझ्या पोराला तुझ्याच ताम्हनानं मारलं.

“मिळालं का रे काही?” अक्का डब्यावरून उठून जवळ आली होती.

त्यानं नट पायजम्याच्या खिशात टाकले. “चाकं बसतात, अक्का.”

“चाकं जाऊ दे. खोट सांग.”

तिच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी आशा दिसत होती. त्याला ती बघवेना. त्यानं मान खाली घातली.

“गाडीत खोट नव्हती,” तो म्हणाला. “दादा भांग पिऊनच बसला होता. मी पाहिलं होतं.”