शाबूत दात

"आळस! दात घासायचा आळस, दुसरं काय!" बाप दवाखान्यात एवढ्या मोठ्यानं ओरडला, की बाहेर बाकावर बसलेले पेशंट आपापली दुखणी विसरून दाराकडे बघू लागले.

खुर्चीत त्याची बारा वर्षांची लेक आ वासून बसली होती. घरात तिला सगळे 'रेडिओ' म्हणत. पण पुढचे दात झिजून पिवळे पडले, शाळेत पोरं 'म्हातारे' म्हणून चिडवायला लागली आणि रेडिओ बंद पडला. बापाचा जीव तिळतिळ तुटत होता. आणि जीव तुटला, की तो कुणावर तरी खेकसायचा. सकाळपासून टूथपेस्टवर, शाळेवर आणि बायकोवर खापर फोडून झालं होतं. आता पाळी दातांच्या डॉक्टरणीची होती.

"घासण्याचा प्रश्नच नाही," डॉक्टरीण म्हणाली. "हे दात किडलेले नाहीत. विरघळलेत. फसफसणारं काही पिते का ही?"

"रोज," बायको म्हणाली. "ह्यांच्या कंपनीचं. पेट्याच्या पेट्या येतात घरी."

बापाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ते काय बाहेरचं फालतू आहे? चव तपासायला मी बसतो तिथं! टाकीतलं पेय आधी माझ्या जिभेवर येतं, मग बाटलीत जातं. इतकी वर्षं दिवसभर पेल्यामागून पेले! आणि माझे दात बघा. आहे एकाला तरी ओरखडा?" त्यानं ओठ फाकवून दाखवले.

डॉक्टरणीनं दिवा वळवून नीट पाहिलं. दात खरंच शाबूत होते.

"एवढं पिऊनसुद्धा?" तिनं विचारलं.

"पितंय कोण? घोट जिभेवर घोळवायचा, भांड्यात थुंकायचा आणि लगेच पाण्यानं खळखळून चूळ भरायची. नियमच आहे आमच्याकडे. ॲसिड असतं ना त्यात, नाहीतर दातांचं पार वाटोळं..."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

लेक संतापानं खुर्चीत ताठ उठून बसली.

"मग मला का नाही शिकवलंस, बाबा, थुंकायला?"